महाड ते वाई, मधे आंबेनळी: ग्रुप टूरचा हा दिवस झेपेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४७, वजन ७८ किलो, रोड बाइक घेऊन दीड वर्ष झालंय, पुढे ५०-३४ च्या चेनरिंग (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकत्या) आहेत आणि मागे काय आहे ते माहीत नाही. रविवारी ५०-६० किमी होतात, बोपदेव घाट नेहमीचा आहे, सिंहगड एकदा न थांबता चढलात. डिसेंबरमध्ये ऑफिसच्या १२ जणांच्या ग्रुपबरोबर तीन दिवसांची टूर ठरलीय: पहिल्या दिवशी पुणे-ताम्हिणी-महाड, दुसऱ्या दिवशी महाड-पोलादपूर-आंबेनळी घाट-महाबळेश्वर-पाचगणी-वाई, तिसऱ्या दिवशी वाई-पुणे. सोबत बॅकअप गाडी आहे. बाकीचे बरेचसे तुमच्यापेक्षा फास्ट आहेत आणि तुम्ही विचारलंय की दुसरा दिवस झेपेल का, की सगळ्यांचा खोळंबा करण्यापेक्षा घाटात सरळ गाडीत बसू?

यात दोन प्रश्न एकत्र झालेत. झेपेल का, हा एक. आणि खोळंबा होईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं तुमच्या हातात आहे आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी ते 'हो' वाटतंय. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या एकट्याच्या हातात नाहीच, ते ग्रुपने आदल्या रात्री काय ठरवलंय त्यावर आहे, आणि माझ्या अनुभवात घाटाचा दिवस बिघडतो तो जवळजवळ नेहमी या दुसऱ्या प्रश्नापायी. पाय चांगले असलेली माणसं केवळ मागे राहायची लाज वाटून पहिल्या तासातच सगळं संपवून बसतात. मी बरीच वर्षं असे ग्रुप घेऊन जाते, हा घाट दोन्ही बाजूंनी करते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मागच्या माणसाबरोबर असते, त्यामुळे हे फार जवळून बघितलंय.

आधी रस्ता समजून घ्या. महाड जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. महाड ते पोलादपूर १८ किमीच्या आसपास, मुंबई-गोवा हायवेने, किरकोळ चढउतार. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किमी आणि दिवसाची खरी चढाई सगळी इथे, अंदाजे १३०० मीटर. कागदावर सरासरी काढली तर सव्वातीन टक्के येते आणि लोक ते बघून निर्धास्त होतात, पण सुरुवातीचे काही किमी कापड्याच्या बाजूने सावित्रीच्या अंगाअंगाने बरेच सपाट जातात, म्हणजे उरलेल्या रस्त्याला चढ त्यापेक्षा जास्त असणारच. तरीसुद्धा हा अंगावर येणारा घाट नाहीये. सिंहगड याच्यापेक्षा कितीतरी उभा आहे, फक्त तो नऊएक किमीत संपतो आणि हा संपतच नाही. तुम्ही सिंहगड न थांबता चढला असाल तर आंबेनळीला लागणारी ताकद तुमच्याकडे आहे असं मी धरून चालते. नसेल तर तीनचार तास एका लयीत चढत राहायची सवय नसेल, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

आता ग्रुपचं. सपाटीवर ग्रुपबरोबर राहण्यात खरंच फायदा असतो. ताशी २८-३० ने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून गेलात तर त्यातली चांगलीच वाचते, त्यामुळे सपाटीवर थोडं जास्त दामटून ग्रुप पकडून ठेवणं हे शहाणपणाचं असू शकतं. घाटात तुमचा वेग येतो ताशी ८-१० वर. त्या वेगाला हवेचा अडथळा जवळजवळ शून्य, सगळा खर्च वजन वर न्यायचा, आणि तुमचं वजन पुढचा माणूस थोडाच उचलणार आहे. म्हणजे घाटात कुणाच्या मागे लागून मिळत काहीच नाही, उलट त्याच्या लयीत चढायला लागल्यामुळे जातंच. म्हणून मी प्रत्येक ब्रीफिंगमध्ये सांगते की घाट ज्याचा त्याने चढायचा, ग्रुप घाटाच्या आधी आणि घाटाच्या नंतर.

वजनाचा हिशोब पण एकदा करून बघा म्हणजे मनातून तुलना जाईल. तुम्ही ७८, सायकल-पाणी-सामान धरून अजून १८, झाले ९६ किलो. तुमच्या ग्रुपमधला ६० किलोचा एखादा मुलगा, त्याचं सगळं मिळून ७८. दोघांनी अगदी सारखा जोर लावला तरी तुम्हाला जवळपास सव्वापट वेळ लागणार, म्हणजे तो तीन तासात वर तर तुम्ही पावणेचार तासात. हा फिटनेसचा फरक नाहीये, नुसतं वजन. तो पुढे गेला म्हणून आपलं काही चुकतंय असं समजून जोर वाढवायचं काहीच कारण नाही.

पावणेचार तास हा आकडा मी मुद्दाम घेतला, कारण तो तुमच्यासाठी मला व्यवहार्य वाटतो. तासाला साधारण साडेतीनशे मीटर उंची चढायची असा हा वेग आहे, तुमच्या वजनाला यासाठी पेडलवर शंभर वॅटच्या आसपास लागतात. तुमच्याकडे हे वॅट मोजणारा पॉवर मीटर नसेलच, लागतही नाही. बोलून बघायचं. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही अशा दमावर राहिलात की बरोबर आहे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जास्त होतंय, आणि पोलादपूर सोडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तर अजिबात तसं व्हायला नको. पहिला अर्धा तास इतका हळू वाटला पाहिजे की आपण उगाच वेळ घालवतोय असं वाटावं.

याच वेगाला थोडी सूट धरून दिवस मांडून दाखवते. डिसेंबरात नीट उजाडायला सात वाजतात आणि सहाला सूर्य मावळतो, सगळा हिशोब या अकरा तासांचा आहे. सव्वासहाला महाडहून निघा, पुढचे-मागचे दिवे लावून आणि एका रांगेत, कारण हायवे आहे आणि अंधार आहे. सव्वासातला पोलादपूर, वीस मिनिटं पोहे-चहा. पावणेदहापर्यंत वाडा कुंभरोशी, जिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो, हे ढोबळमानाने घाटाच्या निम्म्यावर. इथे पंचवीस मिनिटं. मग उरलेला निम्मा, आणि साडेबारा ते एकच्या दरम्यान महाबळेश्वर. जेवून पावणेदोनला निघा, तीन-सव्वातीनला पाचगणी, आणि पसरणी घाट उतरून चार-साडेचारला वाई. म्हणजे तुमच्या हळू वेगानेसुद्धा अंधार पडायच्या आधी दीड तास शिल्लक राहतोय. मग खोळंबा कशाने होतो? थांबण्याने होतो. १२ जण आहात, प्रत्येकाने दिवसभरात एकदाच फक्त पाच मिनिटं सगळ्यांना थांबवलं, फोटो, चेन पडली, जॅकेट काढायचंय, तर एक तास गेला. त्यात एक पंक्चर धरा. हळू चढणाऱ्या माणसाच्या नावावर जो उशीर लावला जातो त्यातला बराचसा असा बारीकसारीक थांब्यांचा असतो.

आणि थांब्यांबद्दलच सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. कुंभरोशीला हे मी परत परत बघते: फास्ट लोक येऊन अर्धा तास झालेला असतो, पिठलं-भाकरी, ताक होऊन हातपाय गार पडायला लागलेले असतात. मागचा माणूस येतो, हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा, एक पाय पेडलमधून सोडवून जमिनीवर टेकवतो, दुसरा अजून पेडलवरच, आणि तेवढ्यात कुणीतरी आपुलकीनेच म्हणतं, "चला, आले बघा, निघूया!" तो माणूस तसाच निघतो. बाटली भरायची राहते, खायचं राहतं, बसायचं तर सोडाच. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य मिनिटं मिळाली आणि ज्यांना गरज नव्हती त्यांना अर्धा तास. पुढच्या दहा किमीत त्याच्या पोटरीत गोळे येतात आणि सगळे म्हणतात की त्याची तयारी नव्हती.

यावर उपाय साधा आहे आणि तो लीडरने ठरवायचा असतो. थांबायच्या जागा आदल्या रात्रीच नावानिशी ठरवायच्या, पोलादपूर, कुंभरोशी आणि महाबळेश्वर, बस. आणि थांबा संपायची वेळ शेवटचा माणूस आल्यापासून मोजायची, पहिला आल्यापासून नाही. पुढच्यांना फार वेळ थांबायला लागत असेल तर त्यांनी निघावं, काही हरकत नाही, फक्त मागच्याबरोबर स्वीप पाहिजेच, म्हणजे ग्रुपमधला एक अनुभवी माणूस जो दिवसभर कुणाच्याही पुढे जाणार नाही, ज्याच्याकडे पंप, ट्यूब, टायर लिव्हर आणि चेनची जोडकडी आहे. हे काम बॅकअप गाडीवर सोडू नका, गाडी घाटात कुठेही उभी करता येत नाही आणि बरेचदा फास्ट लोकांचं सामान देत ती पुढेच निघून गेलेली असते. घाटात फोनची रेंज सगळीकडे मिळेल असंही धरू नका, म्हणून गाडी कुठे उभी असेल ते आधीच ठरलेलं बरं.

तुमच्या बाजूने तुम्ही एक करू शकता, पोलादपूरहून बाकीच्यांच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी निघा. स्वीप नाही तर दुसरं कुणीतरी एक जण बरोबर घ्या, एकटे नको. हे मी खूप जणांना करायला लावते आणि त्याने दिवसाचा नूरच बदलतो. ग्रुप तुम्हाला मागून येऊन गाठतो, दोन शब्द बोलतो, पुढे जातो, आणि तुम्ही कुंभरोशीला पोचता तेव्हा ते नुकतेच बसलेले असतात. शेवटचं असण्याचं जे ओझं डोक्यावर असतं ते तिथेच उतरतं. लीडरला आज फोन करून हे विचारून टाका. चांगला लीडर लगेच हो म्हणेल, त्याचंही काम सोपं होतं.

आता गिअर, कारण इथे मला खरी काळजी वाटतेय. तुमच्या पुढे छोटी चेनरिंग ३४ दातांची आहे. मागे सगळ्यात मोठं स्प्रॉकेट (मागच्या चाकाची दातेरी चकती) २८ चं असेल तर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. घाटातल्या एखाद्या उभ्या वळणावर तुमचा वेग ताशी ५ वर आला (येणार, आतल्या बाजूने वळण घेतलंत तर नक्कीच) तर मिनिटाला ३३ च फेरे होतील. एवढ्या कमी केडन्सला (मिनिटाच्या फेऱ्यांना) प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सगळा जोर येतो, एकदोनदा चालतं, तीन तास नाही. मागे ३४ चं असेल तर तेच फेरे ४० वर जातात, आकडा छोटा वाटतो पण गुडघ्याला तो फरक लगेच कळतो, आणि सौम्य चढावर तुम्ही आरामात ६०-७० ला फिरवू शकता. माझं सरळ मत आहे की तुमच्या वजनाला आणि या रस्त्याला मागे ३२ च्या खाली जाऊ नका. बदलायचं झालं तर मागचं डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढं मोठं स्प्रॉकेट घेतं का ते मेकॅनिककडून बघून घ्या, ते शॉर्ट केजचं, म्हणजे आखूड दांडीचं असेल तर तेही बदलावं लागू शकतं आणि चेन नवीन लांबीची लागते. हे टूरच्या आदल्या आठवड्यात करू नका. नवीन चेन आणि कॅसेटवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) निदान दोन रविवार जाऊ देत. टूरवर तुमच्या सायकलपेक्षा जुनी, गंजलेली एमटीबी घेऊन येणारे लोक पुढे निघून जाताना दिसतील, त्याचं कारण पुढची २२ किंवा २८ ची छोटी चेनरिंग असतं बरेचदा.

आदल्या दिवसाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीये पण दुसऱ्या दिवसाचे पाय पहिल्या दिवशी ठरतात. पुणे-ताम्हिणी-महाड म्हणजे सव्वाशे किमीच्या वर, तुमच्या नेहमीच्या रविवारच्या दुप्पट. ताम्हिणी उतरल्यावर माणगावपर्यंत सगळ्यांना जोर चढतो, उतार असतो, रस्ता मोकळा लागला की रेस सुरू होते. त्यात पडू नका. सपाटीवर ग्रुपच्या मधोमध राहा, पुढे येऊन हवा कापायची पाळी आली तर अगदी थोडा वेळ घ्या, तुम्ही सगळ्यात हळू आहात हे सगळ्यांना माहितीय, कुणी मनावर घेत नाही. महाडला पोचल्यावर अंघोळीच्या आधी काहीतरी खा, अर्ध्या तासाच्या आत, केळी-दूध, वरणभात, जे मिळेल ते. रात्री पोटभर भात-पोळी आणि लवकर झोप. महाडच्या एखाद्या चांगल्या मच्छी थाळीचा मोह सगळ्यांनाच होतो, खा, पण तिखट बेताने, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला पोट ठीक असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

घाटातलं खाणं. तुमचं सगळं मिळून ९६ किलो वजन १३०० मीटर वर न्यायला नुसत्या चढाईचेच साधारण बाराशे किलोकॅलरी लागतात, बाकीचा दिवस वेगळा. शरीरात साठलेली साखर आधीच्या दिवशी बरीच वापरलेली असते. म्हणून भूक लागायची वाट न बघता पोलादपूर सोडल्यापासून दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, तासाला ४०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट असा अंदाज ठेवा. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. राजगिरा लाडू, खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, हा आपला नेहमीचा खाऊ उत्तम चालतो, जेल वगैरे लागत नाहीत, आणि घेणारच असाल तर टूरवर पहिल्यांदा नको. मागच्या खिशात उजवीकडे ठेवा, कागद काढून छोटे तुकडे करून, म्हणजे न उतरता खाता येतं. फक्त घाटात माकडं आहेत, केळं हातात धरून कठड्यावर बसू नका आणि खायची पिशवी सायकलला लटकवून लांब जाऊ नका.

पाण्याचं लोक डिसेंबर म्हणून दुर्लक्ष करतात. पण घाटाचा खालचा भाग कोकणातला आहे, हवा दमट, नऊनंतर ऊन लागतं, वेग कमी म्हणून वाराही लागत नाही, तासाला अर्धा लिटर तर जातोच, काहींचा त्याच्या दुप्पट. दोन बाटल्या घ्या, एक साधं पाणी आणि एक ओआरएसची. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं आहे त्याच मापाच्या पाण्यात, अंदाजाने घट्ट करू नका. दोन्ही बाटल्या पोलादपूरला भरलेल्या आणि कुंभरोशीला परत भरलेल्या पाहिजेत.

आता बॅकअप गाडी. गाडीत बसण्यात काही कमीपणा नाही, ती त्यासाठीच असते, पण कधी बसायचं हे त्या क्षणी ठरवू नका, कारण दमलेलं डोकं दोन्हीकडून फसवतं, कधी थोडं दमलं तरी बसावंसं वाटतं आणि कधी पार संपलं तरी हट्ट सुटत नाही. घड्याळावर सोडून द्या. तुमच्यासाठी मी असं ठरवेन: कुंभरोशीला अकरापर्यंत पोचलात तर पुढे चढा, नाही पोचलात तर तिथून गाडी. महाबळेश्वर दोनपर्यंत. आणि पाचगणीहून साडेचारनंतर कुणीच सायकलवर पसरणी उतरायचा नाही, हे सगळ्या ग्रुपला लागू. गाडीत बसलात तरी दिवस संपत नाही, महाबळेश्वरला उतरून परत चालवता येते.

घड्याळाशिवाय काही खुणा आहेत त्या स्वीपला माहीत हव्यात. माणूस बोलायचा बंद होतो, खायला दिलं तर "नको" म्हणतो, दर पेडलला खांदे डावी-उजवीकडे हलायला लागतात, सरळ रेषा सुटून सायकल रस्त्याच्या मधे जायला लागते. यातलं शेवटचं दिसलं की मी तिथेच थांबवते, कारण मागून एसटी येतेय आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करतायत. छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, उलटी, यात घड्याळ वगैरे काही नाही, लगेच गाडी आणि लगेच डॉक्टर. तुमचं वय ४७ आहे, टूरआधी एकदा डॉक्टरांना भेटून काय करणार आहात ते सांगून तपासणी करून घ्या ही मनापासून विनंती, बीपी-शुगर काही असेल तर नक्कीच.

महाबळेश्वरला पोचलं की सगळ्यांना वाटतं झालं. नाही झालं. महाबळेश्वर-पाचगणी हे १९-२० किमी निव्वळ उतार नाहीये, दोन्ही गावांच्या उंचीत फरक थोडाच आहे, मधे रस्ता चढतो-उतरतो, आणि दमलेल्या पायांना ते छोटे चढ घाटापेक्षा जास्त लागतात. त्यात वीकेंड असेल तर वेण्णा लेकपाशी गाड्यांची रांग, धूर, अचानक उघडणारे दरवाजे. तुमचा दुसरा दिवस शनिवार किंवा रविवार येत असेल तर लीडरला सांगून टूर एक दिवस मागेपुढे होते का बघा, या रस्त्याला त्याने फार फरक पडतो. जेवण हलकं घ्या, स्ट्रॉबेरी क्रीम वाईला गेल्यावर खोलीत बसून खा म्हणते मी, पोट जड करून उतार करायला मजा येत नाही.

पसरणी घाट साधारण १२ किमी आणि सहाशेएक मीटर उतार. डावीकडे-उजवीकडे वळत खाली वाई आणि धोमचं पाणी दिसतं, आणि ते बघायचं असेल तर थांबून बघा, चालवताना नाही. घामाने भिजलेल्या जर्सीवर विंडचीटर चढवूनच उतरायला सुरुवात करा, गार पडलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करायचा आणि वळणात सोडायचे, सतत हलके दाबून धरायचे नाहीत. तुमच्यासारख्या वजनाला रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला दाबणारा) असेल तर सतत दाबून धरल्याने रिम भयंकर तापते आणि ट्यूब फुटू शकते. टूरच्या आधी ब्रेक पॅडवरच्या खाचा शिल्लक आहेत का बघा, पुसट झाल्या असतील तर नवीन घाला, शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे. उतारावर पुढच्याशी निदान पाच-सहा सायकलींचं अंतर, आणि इथेही ज्याचा वेग त्याचा.

तयारीला तुम्ही सहा आठवडे म्हणालात. किलोमीटर वाढवायच्या मागे लागू नका, सलग चढायचा वेळ वाढवा. बोपदेव एकदा करता तो लागोपाठ दोनदा, मग तीनदा, प्रत्येक वेळी सारख्याच वेळात, पहिला फास्ट आणि तिसरा रडत असं नको. मधे एक वीकेंड शनिवारी ८०-९० सपाट आणि रविवारी सकाळी सिंहगड असा लागोपाठ करा, दमलेल्या पायांनी चढणं म्हणजे काय ते तिथे कळेल, आणि खाण्याची सवयही त्याच दिवशी करा. शेवटचा आठवडा हलका.

काही गोष्टी मात्र इथे बसून सांगता येत नाहीत. २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून आंबेनळी बंद झाला होता, तेव्हापासून मी दर पावसाळ्यानंतर रस्त्याची चौकशी केल्याशिवाय ग्रुप नेत नाही. कुठे खडी टाकलेली असते, कुठे एकच लेन चालू असते. लीडरने निघायच्या दोन-तीन दिवस आधी पोलादपूरला फोन करून खात्री करायला हवी. ऊन किती, तुमची झोप झाली का, पहिल्या दिवशी काय झालं, यावरही तुमचे तास अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतील, म्हणून वरच्या वेळा दगडावरची रेघ धरू नका, फक्त अकरा, दोन आणि साडेचार या तीन धरा.

आत्ता एवढंच करा, मागचं चाक जरा उचलून धरा, कॅसेटवरच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर खडूने एका दाताला खूण करा आणि तिथून दाते मोजा. डिरेल्युअरचा एक फोटोही बाजूने काढा. दोन्ही इथेच टाका, म्हणजे आहे त्यावर भागेल की बदलावं लागेल आणि बदलायचं तर नेमकं काय मागायचं ते सांगते.